दिवेलागणीला उघडायची जाळी

६ फेब्रुवारी

धाकटे,

पत्रास कारण कबुतरं आहेत. दुसरं काही असेल म्हणून घोर लावून घेऊ नकोस. आई बरी आहे, मामा बरा आहे, घरातली सगळी आपापल्या जागी आहेत.

फोन केला असता, पण तू पलीकडून "कोण बोलतंय?" म्हणालीस तर पुढचं मला सुचायचं नाही. कागदावर माणसाला थांबता येतं. शिवाय मला विचारायचंय ते कायद्याचं आहे, आणि कायद्याचं उत्तर लेखी असावं असं तूच एकदा भर अंगणात सगळ्यांना सुनावलं होतंस.

तर कबुतरं. आमचं धान्याचं गोदाम तू पाहिलं आहेस. भिंती संपतात आणि पत्रा सुरू होतो, त्यांच्यामध्ये हवेसाठी चारी बाजूंनी मोकळी पट्टी सोडली आहे. हवा येते आणि हवेबरोबर ही मंडळीही येतात. वरच्या लोखंडावर ओळीने बसतात आणि खालच्या पोत्यांची वाट लावतात. इतकी वर्षं आम्ही पोत्यांवर ताडपत्री टाकून वेळ मारून नेली. या खेपेला तपासणीला नवीन साहेब आले आणि त्यांनी ताडपत्री उचलून पाहिली. ताडपत्री कुणी उचलून बघेल, असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आजवर आलं नव्हतं.

साहेब पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला परत येणार आहेत. तेव्हा छपरात पाखरू दिसलं तर परवाना थांबवणार. नव्या हंगामाचं धान्य यायच्या तोंडावर गोदाम बंद राहिलं, तर आमच्या हमालांनी उचलायचं काय, कपाळ?

मालक म्हणतात, दाण्याला औषध लावून टाका, दोन दिवसांत निकाल. गोदाम माझ्या ताब्यात, म्हणजे टाकायचं मीच. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. मी घास उचलण्याआधी देवाला आठवतो, दाणा त्याचा म्हणतो. त्याच दाण्याला विष चोळायला माझा हात धजत नाही. पण मालकाला हे कारण सांगून चालत नाही. मालकाला कायदा सांगावा लागतो, आणि गावच्या शाळेत आम्हाला तो शिकवला नव्हता. तेव्हा एवढंच कळव, की नकोशा झालेल्या पाखराला माणसाने कुठवर हटवावं आणि कुठे थांबावं.

जाळी हा एक उपाय आहे. मामा बांधून देतो म्हणतो. तू वनखात्यातर्फे त्याच्यावर केलेल्या त्या केसनंतर त्याने पाखरं धरून विकणं सोडलं ते सोडलंच. आता शाळांच्या मैदानांच्या जाळ्या विणतो. पण त्याची अट आहे. म्हणतो, "आधी तिच्याकडून लिहून आण. मी, जाळी आणि पाखरू असे तिघं पुन्हा एका जागी दिसलो आणि तिने पुन्हा पंचनामा केला, तर या वयात माझी छाती पुरायची नाही." हसत म्हणतो. त्याच्या मनात काही नाही. कधीच नव्हतं.

आईला हे पत्र लिहितोय असं मी सांगितलेलं नाही. ती समोरच धान्य निवडत बसली आहे, आणि कुणाला लिहितोस असं तिनेही विचारलेलं नाही.

दादा


१५ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उत्तर मिळालं. टाईप केलेलं, वर 'विषय', खाली सही. 'दादा' हा शब्द शोधला, तो सापडला नाही. पण पाकिटावरचा पत्ता तू हाताने लिहिला आहेस, आणि त्यात 'पाण्याच्या हौदासमोर' असंही घातलं आहेस. हौद केव्हाच पाडला. पोस्टमन मला विचारत होता, कुठला हौद? मी म्हटलं, आहे एक.

मला जे समजलं ते माझ्या भाषेत लिहितो, चुकलं तर सांग. एखादं पाखरू आपल्याला नकोसं झालं म्हणजे ते मारायला मोकळं झालं असं कायदा मानत नाही. साध्या कबुतराला आत येऊ न देणं यात गुन्हा नाही. जाळी लावा, बसायच्या जागा मोडा, घाण धुवा. विष मात्र नाही आणि चिकट डिंकही नाही, कारण टाकलेला दाणा कोण टिपेल यावर टाकणाऱ्याचा ताबा राहत नाही. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असली तर ती उडेपर्यंत हात लावायचा नाही. आणि कबुतराखेरीज दुसरं कुणी राहत असेल, तर काम तिथेच थांबवून इथल्या वन्यजीव कार्यालयाला विचारायचं. शेवटची ओळ तू अधोरेखित केली आहेस: 'जाळी लावण्याआधी आत कोण आहे ते पाहावे.'

मालकांना वाचून दाखवलं. विषाचं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "तुझी बहीण एवढी मोठी अधिकारी आहे, आणि कधी बोलला नाहीस?" मी म्हटलं, विषय निघाला नाही.

घरी मामाला वाचून दाखवलं, तेव्हा तो मान डोलवत होता, जणू कीर्तन चाललंय. शेवटी म्हणाला, "पोरगी बदलली नाही. लहानपणी मी तिला पिंजऱ्याला हात लावू नको म्हणायचो, आता ती मला म्हणते." आई चुलीपाशी होती. तिचा डाव भांड्यात थांबला तो पत्र संपेपर्यंत थांबलेलाच होता. नंतर ती भिंतीकडे बघून म्हणाली, "टाईप करून पाठवलंय म्हणजे डोळे बिघडले असणार. पहिल्यापासून अंधारात वाचायची सवय."

तुझे डोळे कसे आहेत ते कळव. कायद्यात बसत असेल तर.

दादा


२४ फेब्रुवारी

धाकटे,

काम झालं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

मामाने मोजपट्टी घेतली नाही, सगळं कोपरापासून बोटापर्यंतच्या हाताने मोजलं. शिडीवर चढू नको म्हटलं तर ऐकतो का? खाली आमचा पहिलवान शिडी धरून उभा. पहिलवान म्हणजे आमच्यातला सगळ्यांत हाडकुळा हमाल. शिडी त्याने धरली होती की शिडीने त्याला, हे देव जाणे. मामा वरून त्याला शिकवत होता, की जाळीचं भोक आपल्या मनाने ठरवायचं नसतं, ते पाखराच्या डोक्यावर ठरतं. डोकं शिरलं की अंग आपोआप येतं. "पाहुण्यांचंही तसंच," म्हणाला.

तीन बाजू झाल्या तरी चौथी आम्ही उघडी ठेवली होती, कारण दोन घरट्यांत पिल्लं होती. तू लिहिलंस तसं थांबलो. मालक रोज वर बघून विचारायचे, अजून उडत नाहीत म्हणजे काय, आळशी आहेत का? काल ती उडाली. मग आज चौथी बाजू बांधली.

ती बांधायची मामाची एक रीत आहे. त्याच्या धंद्यातला जुना नियम म्हणे, पाखरू घरात असताना दार लावू नये. कबुतरं भर दुपारी शेतांकडे चरायला जातात. तेव्हा आत एकही नसतं. त्याने शिडीवरून सगळं छप्पर न्याहाळलं, टाळ्या वाजवल्या, काही हललं नाही. मग शेवटची गाठ मारली. संध्याकाळी कबुतरं परतली आणि कुंपणाच्या भिंतीवर बसून जाळीकडे बघत राहिली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पलीकडे बंद पडलेल्या गिरणीची ओसरी आहे, अंधार पडायच्या आत तिथे गेली.

मालकांनी मामाला स्वतःच्या हाताने खुर्ची दिली. आई दुपारी आमचा डबा घेऊन आली होती. भावाचं काम तिने चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "यावरून आता केस नाही ना व्हायची?"

हे मी तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. ती काय म्हणते ते तुला कळावं म्हणून लिहितो. तिचा राग एवढाच आहे, की बाप गेल्यावर ज्याने आपल्याला वाढवलं, त्याला तू चारचौघांत उभं केलंस. तू कायद्याने बरोबर होतीस हे तिला कळत नाही असं नाही. कळतं, म्हणूनच राग जात नाही.

दादा


२६ फेब्रुवारी

धाकटे,

आमच्या हातून चूक झाली आहे. कायद्याने ती कुठे बसते ते तू सांग. आम्ही काय केलं ते आधी ऐक.

काल दिवेलागणीला मी गोदामाला कुलूप लावायला निघालो. वरून घोरल्यासारखा आवाज आला. पहिलवान म्हणाला, मामा वर झोपला वाटतं. मामा त्याच्या शेजारीच उभा होता. आई भावाला घरी न्यायला आली होती, तिलाही ऐकू आलं. लांब, खरखरीत, थांबून थांबून.

पोती वर चढवायचं जुनं यंत्र होतं ना, त्याची लाकडी पेटी अजून कोपऱ्यात छपराला लटकलेली आहे. त्या पेटीतून पांढरं काहीतरी निघालं, आवाज न करता पूर्ण गोदामावरून गेलं आणि जाळीवर आदळलं. खाली आलं, पुन्हा उठलं, पुन्हा आदळलं. हमाल बाहेर पळाले. मामा मात्र मटकन पोत्यावर बसला.

"पांढरं घुबड आहे," तो म्हणाला. "हे दिवसा घरात असतं रे. मी भर दुपारी दार लावलं."

बघ, जन्मभर ज्याने दिवसाची पाखरं धरली, त्याने दिवसाचाच हिशेब केला. आम्हीही टाळ्या वाजवल्या आणि आत कोणी नाही असं ठरवून मोकळे झालो. घुबड टाळ्यांना उठत नाही. आणि जोडीदार बाहेरच कुठेतरी झाडावर राहत असावा, तो आता जाळीच्या बाहेरून धडका देत होता. घोरण्याचा आवाज पेटीतल्या पिल्लांचा होता. एक रात्र ती उपाशी राहिली होती.

मालक आले. म्हणाले, अशुभ पाखरू आहे, पेटीच खाली उतरवा आणि लांब नेऊन ठेवा. साहेब आठवड्यावर आलेत, तुम्हाला घुबडाचं पडलंय? त्यांचंही चूक नाही, गोदाम त्यांचं आहे. मी तुझ्या पत्रातली ओळ म्हणून दाखवली. पाठ झाली आहे. ते म्हणाले, ती ओळ जाळी लावण्याआधीची आहे, आता जाळी लागली.

उत्तर आईने दिलं. ती म्हणाली, "आतल्यांना भूक लागलीय. कायदा उद्या बघा."

तोवर मामा शिडीवर होता. स्वतःच्या हाताने मारलेल्या गाठी तो एकेक करून कापत होता. पेटीसमोरचा जाळीचा तुकडा मोकळा झाला आणि घुबड बाहेर गेलं. आम्ही सगळे खाली, माना वर करून उभे. बऱ्याच वेळाने ते परत आलं, पंजात उंदीर. पेटीत एकच गलका उठला. मी मनातल्या मनात हात जोडले.

पण भोक उघडं ठेवलं तर सकाळी कबुतरं आत. तेव्हा आज मामाने तिथे पडद्यासारखी वेगळी जाळी लावली आहे, खालून दोरी ओढली की उघडते, सोडली की बंद. दिवेलागणीला उघडायची आणि उजाडता, घुबड आत परतलं की लावायची. सकाळची पाळी माझी. संध्याकाळी कुलूप लावायच्या गडबडीत मी विसरेन, असं आई म्हणाली. "मी येत जाईन. मला संध्याकाळी काय काम असतं?"

साहेब येतील तेव्हा छपरात पाखरू दिसणारच. पेटी हलवता येते का? नसेल येत, तर आम्ही साहेबांना काय सांगायचं? जमलं तर लवकर लिही. टाईप केलेलं चालेल.

दादा


७ मार्च

धाकटे,

तुझं हाताने लिहिलेलं पत्र आलं. सुरुवातीला 'दादा' आहे. मी ते दोनदा वाचलं, एकदा कायद्यासाठी.

पेटी हलवली नाही. तू इथल्या कार्यालयात कळवलंस, त्याप्रमाणे तिथल्या एक अधिकारी बाई चार तारखेला आल्या, साहेबांच्या आदल्या दिवशी. शिडीवर चढून पेटी पाहिली, पिल्लं पाहिली, दोरी दोनदा ओढून पाहिली. मामा कोपऱ्यात उभा. सरकारी गणवेश दिसला की अजून त्याचे हात पाठीमागे जातात. बाईंनी विचारलं, ही जाळी कुणी बांधली? मला वाटलं आता हा माणूस पळतो.

मी म्हटलं, आमच्या मामांनी. त्या मामाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीच ते मामा? आम्हाला पाखरांचे आवाज मॅडमनी शिकवले. वर्गात पहिल्याच दिवशी त्या सांगतात, हे मला पुस्तकाने दिलेलं नाही, माझ्या मामाने दिलंय. खांद्यावर बसवून."

धाकटे, मामाने बाईंकडे पाठ फिरवली. तो खाली उरलेल्या जाळीची एक गाठ उगाचच पुन्हा आवळायला लागला. आई शिडीच्या पायथ्याशी दोरी धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं. बाई जाईपर्यंत तिने दोरी सोडली नाही.

बाईंनी लेखी दिलं: पिल्लं उडेपर्यंत पेटी हलवू नये, पडद्याची पद्धत चालू ठेवावी, नंतर पेटी बंद करून तशीच एक बाहेरच्या भिंतीला लावावी.

दुसऱ्या दिवशी साहेब. आल्या आल्या ताडपत्रीच उचलली. खाली स्वच्छ. सगळीकडे फिरले, फरशीवर बोट फिरवून पाहिलं. मग वर बघितलं. पेटीतून नेमकं त्याच वेळी घोरणं सुरू झालं. साहेब म्हणाले, "पाखरू दिसलं तर परवाना थांबेल, असं मी म्हटलं होतं." मी म्हटलं, हो साहेब. आणि कागद पुढे केला. मागे हमाल रांगेत उभे होते. त्यांनी सावकाश वाचलं. मग विचारलं, दोरी रोज कोण ओढतं? मी म्हटलं, संध्याकाळी आमची आई. त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "एकदाही चुकलेलं नाही."

परवाना चालू राहिला. पेटीखालचा कोपरा मोकळा ठेवायचा आणि रोज धुवायचा, एवढी अट आहे. पहिलवानाने आनंदात एक पोतं एकट्याने उचलायचा प्रयत्न केला, त्याला आम्ही पोत्याखालून काढला. मालक आता येणाऱ्या-जाणाऱ्याला 'आमचं घुबड' दाखवतात. अशुभाचं कुठे गेलं, विचारलं नाही.

रात्री जेवताना आईने मला विचारलं, "ती लोकांना शिकवायला जाते?" मी म्हटलं, हो, दिसतंय तसं. "आणि ह्याचं नाव घेते? सगळ्यांसमोर?" मी म्हटलं, तूच ऐकलंस की. उठताना ती तुझं पत्र माझ्या खिशातून काढून घेऊन गेली, चष्म्यासकट. चष्मा माझा होता.

दादा


१६ मार्च

धाकटे,

पिल्लं पेटीच्या काठावर येऊन बसायला लागली आहेत. चेहरा अगदी कापलेल्या सफरचंदासारखा. मोठं आहे ते पंख उघडतं, खाली बघतं आणि मिटून घेतं. मामा त्याला खालून धीर देतो. नवीन धान्याच्या गाड्या यायला लागल्या आहेत, त्या गलक्यातही त्याचं लक्ष वरच.

पत्राच्या शेवटी कोपऱ्यात तू बारीक अक्षरात विचारलं आहेस, की आलं तर चालेल का. मला वाटतं तू ते मला विचारलेलं नाहीस, म्हणून मी उत्तर दिलं नाही. जिला विचारलंस तिच्याकडे पत्र होतं. तिने आठवडाभर त्याचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. आपल्या घरात प्रार्थना अशीच चालते, ओठ न हलवता.

आज संध्याकाळी दोरी ओढून आम्ही परत येत होतो. वाटेत आई म्हणाली, "पिल्लं उडाली की पेटी बंद करायची, असं त्या कागदावर आहे ना? मग ती खरंच उडाली का, हे बघायला सरकारी माणूस यायला नको?"

मी म्हटलं, इथल्या बाई येतील की.

"त्या नकोत. त्यांना उजेडात परत जायची घाई असते, आणि ही पाखरं अंधाराची." थोडं चालून म्हणाली, "तिला लिही, मुक्कामाला राहील असं कुणीतरी पाठव म्हणावं."

मामा मागून येत होता. त्याने ऐकलं आणि विचारलं, मग घरात पडलेल्या मैदानांच्या जाळ्या लपवून ठेवू का? आईने त्याला पाठीत धपाटा घातला.

घरी आलो तर तुझं निळं पांघरूण दोरीवर होतं. सकाळपासून उन्हात घातलेलं. काढून आणलं तेव्हा अजून ऊबदार होतं.

दादा